पाळण्याला झटका नको

संपादकांनी पत्र पाठवून माझ्या 'कामातले अनुभव' मागितले तेव्हा पत्र चुकून माझ्याकडे आले असावे असे मला वाटले. या अंकात लिहिणारे बाकीचे लोक तीस-तीस वर्षे नोकरी करून थकलेले आहेत. माझी नोकरी सगळी चौदा महिन्यांची. मी अजून बी.ए.च्या वर्गात बाकावर बसतो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. वडील आजही कागदावर अंगठा उठवतात. तेव्हा छापील पानावर आपले काही असावे असे म्हणायलाही मला संकोच वाटतो. शिवाय जे काम केले ते मला आले की नाही, हेच मला अजून नीट कळलेले नाही. वाचकांनी हे एका गोंधळलेल्या माणसाचे लिहिणे म्हणून वाचावे.

इंटरच्या वर्षी हिवतापाने मी कॉलेज सोडून घरी आलो. घर लांज्याच्या पलीकडे. वडील बैलगाडी हाकतात. ताप उतरल्यावर आमच्या मास्तरांच्या ओळखीने रत्नागिरीतल्या एका डॉक्टरांकडे काम मिळाले. डॉक्टरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांना बाटल्यांवरची इंग्रजी नावे वाचणारा आणि फटफटी चालवणारा असा एकच माणूस हवा होता.

"सायकल येते का?" त्यांनी विचारले.

"नाही, साहेब."

तोंडातून खरे निघून गेले आणि काम गेले असे मी धरून चाललो. पण अंगणात फटफटी पुसत बसलेला एक दाढीवाला म्हातारा खूश होऊन म्हणाला, "ब्येस! यालाच ठेवा, डाक्टर. सायकलवाला आला तर वाकणावर अंग कलवील नि पाळण्यासकट दरीत जाईल. कोऱ्या पाटीवर लिवायला बरा."

हे दाऊदभाई. आगबोटीच्या इंजिनघरात त्यांची तीस वर्षे गेली होती. आता ते डॉक्टरांची फटफटी सांभाळत. फटफटीला डाव्या अंगाला एक चाक आणि त्यावर माणूस पाय पसरून बसेल अशी होडीसारखी बैठक जोडलेली होती. तिला सगळी रत्नागिरी पाळणा म्हणायची. पेशंट पाळण्यात, डॉक्टर माझ्या मागे, आणि मी पुढे, अशी आमची वरात गावोगाव फिरे.

ज्यांनी हे यंत्र हाताळलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चालवणाऱ्याला दोन हात आणि दोन पाय असतात, आणि यंत्राला त्याहून जास्त दांडे. डाव्या मुठीत क्लच. तो दाबला की इंजिन आणि चाक यांची फारकत होते. उजव्या मुठीपाशी पेट्रोलचा दांडा आणि पुढचा ब्रेक. मागचा ब्रेक पायाखाली. गिअर टाकीच्या उजव्या बाजूला. म्हणजे गिअर बदलायचा तर उजवा हात पेट्रोल सोडून खाली न्यायचा. चढावर इंजिन गाडी ओढते हे कोणालाही समजते. उतारावर खालच्या गिअरमध्ये घातले की तेच इंजिन गाडी अडवते, हे समजायला मला फार दिवस लागले. त्यात पाळणा. ब्रेक लावला की पाळणा पुढे रेटतो आणि सगळी गाडी उजवीकडे वळते. पेट्रोल दिले की डावीकडे ओढते. सरळ जायचे तर सतत थोडे चुकीचे वळवत राहावे लागते.

मला तीन गुरू मिळाले आणि तिघांचे एकमेकांशी जमत नव्हते.

डॉक्टरांकडे फटफटीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक होते. ते मी मोठ्याने वाचायचे आणि त्यांनी अर्थ सांगायचा. पुस्तक म्हणे, दोन्ही ब्रेक एकदम आणि हळूहळू लावावेत. मी ते वहीत उतरवून घेतले. दाऊदभाईंनी वही पाहिली.

"ए कॉलेज, म्होरच्या ब्रेकाला हात लावलास तर हात मोडीन. जांभ्याची खडी हाय ही, विलायतेचा रस्ता नाय. म्होरचं चाक सरकलं की संपलं."

"पण पुस्तकात..."

"पुस्तकाला सांग, म्हणावं लांज्याचा घाट उतरून ये."

मी वहीत ते वाक्य खोडले. संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा लिहायला लावले.

दाऊदभाईंचे स्वतःचे शास्त्र बोटीवरचे होते. "बोटीला ब्रेक नसतो, ठावं हाय? वरच्या कप्तानाला समिंदर दिसतो, इंजिनघरात आमाला काय दिसत नाय. त्यानं घंटा मारायची, आमी वाफ कमी करायची. घंटा उशिरा मारली तर बंदराचा धक्का फुटतो. तुजे डोळे वर हायत, हातपाय खाली हायत. घंटा वेळेवर मार." म्हणजे थांबायचे त्याच्या कितीतरी आधी थांबायला सुरुवात करायची. गिअर उतरवताना मधल्या क्षणी इंजिनाला थोडी 'वाफ' द्यायची, त्याचा वेग चाकाच्या वेगाशी जुळवायचा, आणि मग क्लच असा सोडायचा की पाळण्यातल्याला कळूही नये.

हे त्याला कळले की नाही, याची परीक्षा त्यांनी स्वतःच्या जेवणावर लावली. रोज दुपारी भरलेले कालवणाचे पातेले, झाकण काढून, मांडीवर घेऊन ते पाळण्यात बसत. मी त्यांना किल्ल्याच्या उतारावरून खाली न्यायचे. पहिल्या दिवशी बांगडा त्यांच्या दाढीत गेला.

"वाफ इसरलास!"

दुसऱ्या दिवशी वाफ जास्त झाली आणि गाडी पुढे झेपावली. तिसऱ्या दिवशी मी क्लच सोडायलाच विसरलो, गाडी सुटली, आणि घाबरून ब्रेकवर उभा राहिलो. दाऊदभाईंनी रिकामे पातेले मला दाखवले आणि कोरडी भाकरी खाल्ली. आठवडाभराने डॉक्टरांच्या पत्नी, काकू, अंगणात येऊन म्हणाल्या, "अहो, त्या पाळण्यात बसून परवा जोशीबाईंच्या नातीला ओकारी झाली. गाडीला मासळीचा वास मारतोय. हा मुलगा शिकेल कधी?"

"कालवण ऱ्हाईल तवा शिकेल, वयनी," दाऊदभाई म्हणाले.

तिसरे गुरू माझे वडील. सुट्टीला घरी गेलो तेव्हा मी त्यांना गिअर समजावून सांगायचा प्रयत्न केला. ते बैलांना कडबा घालत होते. ऐकून म्हणाले, "उतारावर बैल वढत न्हाय. मागं रेलून भार मानेवर घेतो. त्याला भार घेऊ द्यावा. तोंडाचा कासरा खेचलास तर बावचळतो." मला वाटले, दोन महिन्यांत मला कळले नाही ते यांनी कडबा घालता घालता सांगितले. पण दुसऱ्या दिवशी फटफटीवर बसलो तर तिला मानच नव्हती.

एक गिऱ्हाईक सांगतो. जवळच्या गावचे एक खोत होते. पोटदुखीने बेजार, औषध घेऊन घरी परतायचे होते, पण पाळण्यापाशी येऊन थांबले. पाळणा खाली आणि चालवणाऱ्याची बैठक वर.

"मी तिथं खाली बसू? आणि तू वर?"

"गाडीची रीतच तशी आहे, अण्णा."

"गाडीची असेल. माझी नाही. कोणाचा रे तू?"

मी सांगितले. गाडीवानाचा मुलगा वर बसणार हे ऐकून त्यांची पोटदुखी थोडी मागे हटली असावी. ते डॉक्टरांच्या जागी माझ्या मागे बसले. डॉक्टर घरीच राहिले होते, त्यामुळे जागा होती. पण रिकामा पाळणा डाव्या वाकणावर उचलला जातो. म्हणून दाऊदभाईंनी पाळण्यात जांभ्याचा एक चिरा ठेवला, आणि लाल धूळ लागू नये म्हणून त्यावर धुतलेला पंचा घातला. वाटेत एका म्हातारीने गाडी पाहून हात जोडले. "देव कुठचा न्हेताव, बाबा?" मागून खोतांचा आवाज आला, "चल रे, लवकर चल." त्या वाटेवरचा उतार मी पहिल्यांदा बिनझटक्याचा उतरलो. त्या दिवशी मला वाटले, मला आले. आता वाटते, दगडाला झटका कळत नाही एवढेच.

ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते आता सांगतो.

लांज्याजवळच्या वाडीत एक बाई अडली होती. भागीरथी तिचे नाव, वय माझ्याएवढेच. नवरा मुंबईला गिरणीत. बोलावणे आले तेव्हा डॉक्टर आणि मी गेलो. डॉक्टर आतून बाहेर आले आणि म्हणाले, "मूल आडवं आहे. इथं होणार नाही. रत्नागिरीला इस्पितळात न्यायला हवं." प्रवाशांची सर्व्हिस मोटार सकाळीच गेली होती. बैलगाडीला संध्याकाळ झाली असती. सासूने पाळण्यात वाकळी घातल्या, सुनेला निजवले, आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "बाबा, हळू. पर बेगीन."

डॉक्टर मागे बसले. कानाशी येऊन त्यांनी एकच सांगितले, "धाकू, झटका नको. एकही नको."

घाटाच्या माथ्यावर मी वेळेवर घंटा मारली. वेग कमी केला, वाफ दिली, दुसऱ्या गिअरात आलो, क्लच सोडला. पाळण्यात काही हालले नाही. इंजिन भार घेत होते. मला वडिलांचे बैल आठवले, आणि मनात थोडा अभिमानही आला. तो येतो न येतो तोच डावे वाकण आले आणि वाकणाच्या पोटात रस्त्यावर दगड होता.

हा दगड तिथे का होता हे बाहेरगावच्या माणसाला सांगायला हवे. घाट चढताना गाडीवान वाकणावर थांबून बैलांना दम खाऊ देतात. गाडी मागे घसरू नये म्हणून चाकामागे एक दगड लावतात. दम खाऊन बैल निघाले की गाडीवान त्यांच्याबरोबर निघतो. दगड तिथेच राहतो. तो काढायला थांबले तर बैलही थांबतात आणि चढावर थांबलेली गाडी पुन्हा हालत नाही. आमच्याकडे सगळे असेच करतात. मी स्वतः असे कितीतरी दगड लावून सोडून दिले आहेत आणि कधी मागे वळून पाहिलेले नाही.

मी पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे, दरीकडे वळली. ब्रेक सोडला. वेग वाढला. आता पहिल्या गिअरवाचून गती नव्हती. हात पेट्रोल सोडून गिअरवर गेला, गिअर पडला, आणि वाफ द्यायची राहिली. क्लच सुटला. मागचे चाक खडीवर घसटले. त्याच क्षणी, किंवा त्याच्या अगोदरच्या किंवा नंतरच्या क्षणी, पाळण्याचे चाक दगडावर चढले आणि उतरले.

"आई गं!" भागीरथी ओरडली.

मी थांबलो. डॉक्टर उतरले, तिची नाडी पाहिली आणि पुन्हा चढले. "चल." पुढचा सगळा रस्ता ती गप्प होती. पाळण्यातून कण्हणे ऐकू यावे म्हणून कोणी प्रार्थना केली असेल तर मी केली.

इस्पितळात तिला आत नेले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, "बाई बरी आहे. मुलगा झाला." मी हात जोडले. ते चष्मा पुसत राहिले. "डावा हात हालवत नाही तो. मूल फिरवून काढावं लागलं, तेव्हा खांद्याची शीर ताणली गेली असणार."

"साहेब, माझ्या झटक्यानं..."

"झटक्यानं तसं होत नाही."

"नक्की?"

त्यांनी चष्मा घातला. "मला तसं वाटतं. असे हात सुधारतातही. महिने लागतात. कधी वर्षही."

पुढच्या महिन्यात भागीरथी मुलाला घेऊन नवऱ्याकडे मुंबईला गेली. त्यानंतर काही कळले नाही.

दाऊदभाईंनी सगळी हकीकत दोनदा ऐकली. मग म्हणाले, "पाळण्यात बस." तोवर मी पाळण्यात एकदाही बसलो नव्हतो. खालून जग निराळेच दिसते. जमीन हाताच्या अंतरावर धावते, इंजिन कानात ओरडते, आणि चालवणाऱ्याचा फक्त गुडघा दिसतो. तो काय करणार आहे ते आधी काहीच कळत नाही. दाऊदभाईंनी उतारावर वाफ न देता गिअर टाकला. माझे डोके पुढे आपटले. "असा व्हता?" मग एका दगडावरून चाक घातले. माझे दात वाजले. "का असा?"

मी पुन्हा करायला सांगितले. त्यांनी पुन्हा केले. मला सांगता येईना.

"दोन्ही येकदम झालं असंल तर मग काय सांगशील, कॉलेज?" ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही. म्हणून मला अधिक वाईट वाटले.

गिअर असेल तर चूक माझी. दगड असेल तर दगड ठेवणाऱ्याची. मला एवढेच हवे होते. पुढच्या सुट्टीला घरी गेलो तेव्हा वडिलांना सगळे सांगितले आणि विचारले, "बाबा, त्या दिवशी सकाळी घाटातून कोणाच्या गाड्या वर गेल्या होत्या?"

वडील उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांनी मघाशीच पाणी पिऊन घेतले होते. मी पुन्हा विचारले नाही. त्या दिवशी सकाळी कोणाची गाडी वर गेली होती हे विचारण्याआधीच मला ठाऊक होते की काय, तेही आज सांगता येत नाही.

नंतरचे आठ महिने मी फटफटी चालवली. कालवण सांडेनासे झाले. दाऊदभाई पाळण्यात बसून डुलक्या घेऊ लागले आणि लोक मला चांगला चालवणारा म्हणू लागले. पण त्या वाकणावर मी नेहमी उतरायचो, चालत पुढे जाऊन रस्ता पाहायचो, आणि मग परत येऊन गाडी काढायचो. डॉक्टर मागच्या बैठकीवर वाट पाहत बसत. पुढे त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, पुतण्या मोटार घेऊन आला, आणि मी कॉलेजात परतलो. त्याला आता अडीच वर्षे झाली. वही माझ्यापाशी आहे. पुढच्या ब्रेकाबद्दलचे वाक्य त्यात चार वेळा लिहिलेले आणि तीन वेळा खोडलेले आहे.

हा लेख इथपर्यंत लिहून मी ठेवून दिला होता, कारण शेवट मला माहीत नव्हता. गेल्या आठवड्यात वडिलांचे पत्र आले. अक्षर मास्तरांचे, सांगणे वडिलांचे. भाताचे, बैलांचे, आईच्या गुडघ्याचे सांगून झाल्यावर मजकूर असा आहे:

"घाटात ती भागीरथी भेटली. सासरी आली आहे. मी वाकणावर बैलांना दम देत होतो, ती पोराला घेऊन चालत वर येत होती. आता मी निघताना दगड काढल्याशिवाय जात नाही. त्या दिवसापासून जात नाही. त्या दिवशीचा दगड माझा होता. तू विचारलेस तेव्हाच सांगायचे होते. हे लिहू नका असे मास्तरांना म्हटले होते, मग म्हटले लिहा. मी दगड काढायला वाकलो तर तिच्या पोराने अगोदर येऊन तो पोटाशी धरून उचलला आणि दरीत टाकला. मी तिला विचारले, याचा हात कसा आहे. ती म्हणाली, कुठचा हात? मग तिच्या ध्यानात आले. म्हणाली, डावखुरा आहे हो, डाव्या हाताने जेवतो म्हणून सासू रोज ओरडते."